उस्तादांची वाढलेली दाढी

सलूनच्या गल्ल्यावर बसलेला मालकच दाढी वाढवून बसला, तर गिऱ्हाइकानं समजायचं काय? कुणी म्हणालं, उस्तादांना नाटकात काम मिळालंय. कुणी म्हणालं, पैज हरले. पोस्टमननं तर तोंडावर विचारलं, "उस्ताद, तुमच्याच दुकानात तुमचा नंबर लागत नाही का?"

उस्ताद हसले आणि त्याला सुटे पैसे दिले. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायला कुणाची जीभ रेटत नव्हती. उस्तादांचे हात थरथरायला लागल्यापासून त्यांची दाढी रोज सकाळी सून करायची. तिचा हात असा, की फेस लावतानाच गिऱ्हाईक घोरायला लागे. म्हणून उस्तादांनीच तिचं नाव जोजो ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव सांगायला तिच्या नवऱ्यालाही जरा थांबावं लागायचं. तिला दिवस गेले, सातव्या महिन्यात तपासण्या झाल्या, आणि तिच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला, म्हणजे लिव्हर धरून बसणारी ती रक्तातली कावीळ. त्या दिवसापासून थोरल्या आत्याबाईंनी तिच्या हातातला वस्तरा काढून घेतला.

उस्ताद मोठ्या बहिणीला उलट बोलले नाहीत. उभ्या जन्मात बोलले नव्हते. त्यांनी फक्त दुसऱ्या कुणाकडूनही दाढी करून घ्यायला नकार दिला. मुलगा ब्रश घेऊन आला की म्हणायचे, "राहू दे रे, थंडी आहे." बाहेर घाम फुटत असला तरी.

आज सुट्टीचा दिवस. शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि तिन्ही खुर्च्यांवर घरचीच माणसं. बैठक बोलावली होती आत्याबाईंनी. या घरात महत्त्वाचं बोलणं वर स्वयंपाकघरात होत नाही, खाली दुकानात होतं, कारण इथे समोरासमोर आरसे आहेत. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याकडे थेट बघावं लागत नाही. त्याच्या आरशातल्या तोंडाशी भांडलं की पुरतं.

"बाळ्या, तू ऐकतोयस ना?" आत्याबाईंनी आरशातल्या भावाला विचारलं. सत्तरीच्या उस्तादांना बाळ्या म्हणणारं जगात आता एवढंच माणूस उरलं होतं.

"ऐकतोय, ताई."

"मग शेवटचं ठरवून टाकू. पोटात आठवा महिना आहे, आता चालढकल नको. बाळ झालं की दवाखान्यातून थेट हिच्या घरी जाईल." त्यांनी उस्तादांच्या मुलीकडे, जोजोच्या नणंदेकडे, बोट केलं. "वरचं दूध, बाटली. आणि जोजो गच्चीवरच्या खोलीत राहील. गोळ्या संपल्या, रक्त साफ झालं, की मग बाळ घ्यावं मांडीवर खुशाल. मी काय वाईट सांगतेय?"

जोजो मधल्या खुर्चीवर बसली होती. एरवी ती खुर्चीच्या मागे उभी असायची. पोटामुळे तिला खुर्चीचा हात टोचत होता, पण उठायची हिंमत होत नव्हती, कारण उठली असती तर ती सरळ जिना चढून गेली असती आणि तिच्यामागे ठरायचं ते ठरून गेलं असतं. तिच्या हातात पिवळा कप होता. कपाच्या कानाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. आत्याबाईंनी स्वतः लावला होता, कपांची अदलाबदल नको म्हणून. टॉवेलावरही तसाच ठिपका, कंगव्यावरही. ठिपके बघून जोजोला पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर रडू आलं होतं. आता नुसता राग येत होता.

"आत्या, डॉक्टर म्हणाल्या होत्या की कपानं, टॉवेलानं काही होत नाही," ती म्हणाली. "आणि पाजायलाही हरकत नाही."

"डॉक्टर काय, सांगून मोकळ्या होतात. निस्तरायचं घरच्यांना."

"मला माझं बाळ हवंय, आत्या." जोजोचा आवाज चिरकला. "पहिल्या दिवसापासून. ते काही गच्चीवरून बघायची वस्तू नाहीये."

नवरा खुर्चीमागे उभा होता. सगळा बाजार त्याला चंपी म्हणायचा, कारण डोकं रगडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दुसऱ्याचं डोकं हाती आलं की त्याची बोटं आपोआप चालायची, पण घरात तोंड उघडायची वेळ आली की तो आख्खा थिजायचा. आत्याच्या मांडीवर लहानाचा मोठा झालेला तो. आत्ताही त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, आत्याकडे बघितलं, हात काढला, आणि पुन्हा ठेवला.

"अरे, ठेव की एकदाचा!" जोजो वैतागून म्हणाली, आणि कोपऱ्यात चहा गाळणाऱ्या सासूबाई खुदकन हसल्या.

नणंदेला मात्र हसू येईना. ती शहर बसची ड्रायव्हर. सकाळची पाळी संपवून तशीच युनिफॉर्मवर आली होती. मागच्या आठवड्यात आत्यानं फोनवर गळ घातली तेव्हा तिनं पटकन हो म्हणून टाकलं होतं. भावाचं बाळ, दोन-चार महिन्यांचा प्रश्न, त्यात काय! घरी तिनं बाळासाठी कपाटातला एक कप्पासुद्धा रिकामा केला होता. पण तेव्हा तिच्यासमोर वहिनीचा चेहरा नव्हता. आता समोर होता, आणि आरशामुळे दोन-दोनदा होता.

"आत्या, मी माझा शब्द परत घेते," ती म्हणाली.

"काय?"

"मी नाही नेणार बाळ. माझ्या बसमध्ये रोज आख्खं गाव चढतं. त्याच दांड्याला हात लावतं, त्याच सीटवर बसतं. मी काय प्रत्येकाला विचारते, तुझं रक्त कसं आहे म्हणून?"

"बसचं आणि बाळाचं एक करू नकोस, बये!"

"तुम्ही कपाचं आणि बाळाचं एक केलंत ते?"

आत्याबाईंनी भावजयीकडे मोर्चा वळवला. "तू तरी काही बोल. सासू आहेस ना तिची?"

सासूबाईंनी गाळणं झटकलं. चाळीस वर्षं त्यांनी वन्संचा प्रत्येक शब्द झेलला होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं ओझंही फारसं वाटलं नव्हतं. वन्सं तोंडानं कडक, पण तापात रात्र-रात्र उशाशी बसणाऱ्या. म्हणूनच त्यांना विरोध करणं जिवावर यायचं. "वन्सं," त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांचा फोन येऊ दे. आपलं सगळ्यांचं रक्त दिलंय ना? ते कळल्यावर बोलू."

"आपल्या रक्ताला काय धाड भरलीय? मी तर तिच्या कपालाही शिवत नाही!"

तेवढ्यात गल्ल्यावरचा फोन वाजलाच. उस्तादांनी थरथरत्या बोटानं स्पीकर लावला.

डॉक्टरबाईंचा आवाज मोकळा होता. घरात एकाला निघाल्यावर बाकीच्यांचं रक्त तपासायचं त्यांनीच सुचवलं होतं. "रिपोर्ट आलेत. पण असं सगळ्यांसमोर नको. ज्याचं त्याला एकेकट्याला सांगते."

"छे, छे!" आत्याबाई पुढे सरसावल्या. "माझं आधी सांगा, आणि मोठ्यानं सांगा. मला काही लपवायचं नाही. आमच्या दुकानात चारी बाजूंना आरसेच आहेत."

"नक्की? सगळ्यांसमोर?"

"सांगा हो!"

"आत्याबाई, तुमची तपासणी पॉझिटिव्ह आहे. खात्रीची दुसरी तपासणीही केली. हिपॅटायटिस सी तुम्हालाही आहे. बाकी घरात कुणालाच नाही."

दुकानात नळाचं थेंब-थेंब गळणं ऐकू यायला लागलं. तो नळ कितीतरी दिवस गळत होता आणि चंपी उद्या बघतो म्हणत होता.

"यंत्र बिघडलं असेल तुमचं," आत्याबाई म्हणाल्या.

"यंत्र ठीक आहे. घाबरू नका. लिव्हर अजून चांगलं आहे, वेळेत कळलंय. तुमच्या गोळ्या लगेच सुरू करता येतील. तीनेक महिने घ्यायच्या, आणि बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात. मला सांगा, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, कारण घरातल्या जुन्या गोष्टी सगळ्यात जास्त त्यांनाच पाठ. "हो. वन्संच्या मुलाच्या वेळी. बाळंतपणानंतर फार रक्त गेलं होतं. बाटल्या लावल्या होत्या, असं माझ्या सासूबाई सांगायच्या."

"तेव्हा या आजाराची तपासणीच नव्हती. तिथून आला असेल. खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही, पण शक्य आहे."

"म्हणजे मला इतकी वर्षं?" आत्याबाई खुर्चीच्या काठावर टेकल्या. "मला तर कधी साधी सर्दी होत नाही."

"हा आजार गप्प बसतो, हीच तर पंचाईत. सूनबाईंची गरोदरपणातली तपासणी झाली नसती, तर तुमचाही कळला नसता."

नणंदेनं विचारलं, "पण डॉक्टर, आत्याचा वहिनीला कसा लागेल? दोघींमध्ये सारखं काय आहे? आत्या तर तिला कंगवासुद्धा देत नाही!"

तेव्हा उस्तादांच्या तोंडून "अरे देवा" निघालं. ते बहिणीच्या अंगठ्याकडे बघत होते.

इथे या घराण्याच्या मानाबद्दल सांगायला हवं. गिऱ्हाइकाच्या बाबतीत यांच्यासारखी काळजी कुणी घेणार नाही. प्रत्येकाला नवं पातं, त्याच्यासमोर फोडायचं, वापरून झालं की डब्यात. पण घरच्या माणसाला घरचा वस्तरा. उस्तादांच्या आजोबांचा, शिंगाच्या मुठीचा. तो फक्त उस्तादांच्या दाढीला निघायचा. रोज सकाळी आत्याबाई त्याला दगडावर धार लावायच्या, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायच्या आणि अंगठ्याच्या पेरावर टेकवून बघायच्या. बारीकसा थेंब आला की धार जमली. मग वस्तरा जोजोच्या हातात. आणि नियम असा, की लावणाऱ्यानं धार पाहिली तरी धरणाऱ्यानं पुन्हा स्वतःच्या अंगठ्यावर पाहायची. एक थेंब देणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. लग्न होऊन आलेल्या जोजोला पहिल्यांदा तो थेंब आला, तेव्हा आत्याबाईंनी तिला जवळ घेतलं होतं. घरात दुसऱ्या कुणालाच हा मान मिळाला नव्हता. चंपीचा हात जड म्हणून त्याला वस्तरा कधी दिलाच नव्हता.

उस्तादांनी हे सगळं फोनला सांगितलं.

"म्हणजे," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही दोघी रोज, एकाच पात्यावर, एकापाठोपाठ रक्त काढत होतात?"

"थेंबभरच हो!" उस्ताद म्हणाले.

"थेंबभर पुष्कळ झालं! मध्ये पातं धूत होता?"

"धुतल्यावर धार काय कळणार?" उस्तादांनी हे इतक्या प्रामाणिकपणे विचारलं, की डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावल्याचं फोनमधूनही समजलं.

"आणि उस्ताद, त्याच वस्तऱ्यानं तुमची रोज दाढी व्हायची! तुम्ही कसे वाचलात?"

उस्तादांनी सुनेकडे बघितलं. आरशात नाही, थेट. "डॉक्टर, इतक्या वर्षांत तिच्या हातून मला एक ओरखडासुद्धा उठलेला नाही," ते म्हणाले.

फोन ठेवायच्या आधी डॉक्टरबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, आणि यावेळी सगळ्यांनी ऐकलं. शंभरातल्या नव्वदाहून जास्त बाळांना काहीच होत नाही. झालंच तर पुढे तपासून कळतं, आणि मुलांसाठीही औषध आहे. पाजायला हरकत नाही, फक्त चिरा पडून रक्त आलं तर भरून येईपर्यंत त्या बाजूनं थांबायचं. जोजोची औषधं बाळंतपण आणि पाजणं आटोपल्यावर. कप, ताट, टॉवेल, मिठी, पापा, कशानंही काही होत नाही. "आणि तो वस्तरा," त्या म्हणाल्या, "कृपा करून भिंतीवर लावा. अंगठे लावू नका."

फोन बंद झाला.

जोजोला एक क्षण, अगदी एकच क्षण, बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. ठिपके, कप, गच्चीवरची खोली, सगळं तिच्या मनात भराभर येऊन गेलं. आता लावा म्हणावं ठिपके! मग तिचं लक्ष आत्याबाईंच्या हाताकडे गेलं. त्यांनी अंगठा मुठीत लपवला होता. चोरी पकडली गेल्यावर लहान मुलं लपवतात तसा.

"मी दिला तिला," आत्याबाई म्हणाल्या. आरशाशी नाही, कुणाशीच नाही. "महिनाभर हिला वाळीत टाकलं, आणि दिला मीच."

"आत्या, तुम्हाला कुठे माहीत होतं?" चंपी पुढे झाला. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच दोघींच्या बाजूनं एकदम बोलता येत होतं, आणि त्याला हायसं वाटलं. "आणि मला तर वस्तराच दिला नाहीत. मी किती रुसलो होतो! जड हातानं वाचलो बघा."

नणंद फिस्सकन हसली. सासूबाईंनी पदरात तोंड लपवलं. उस्तादांची दाढी हलायला लागली. आत्याबाईंच्या ओठांची कड थरथरली, पण त्या हसल्या नाहीत. उठल्या, जोजोसमोर आल्या आणि हात पुढे केला. "दे तो कप. आता तो माझा."

जोजोनं कप छातीशी धरला. "अजिबात नाही. महिनाभर पितेय मी यात, माझा आहे. तुमचा तुम्ही आणा."

"माझी थट्टा करतेस?"

"करणार! आणि तुमच्या गोळ्या आधी संपणार, तुम्ही माझ्याआधी बऱ्या होणार. मग काय, पुन्हा माझ्या कपाला ठिपका?"

"नाही गं!" आत्याबाईंचा बांध फुटला. "नाही गं बाई, नाही."

जोजोनं कप त्यांच्या हातात दिला. अर्धा चहा शिल्लक होता आणि तोही गार. आत्याबाईंनी उभ्या-उभ्या तो सगळा पिऊन टाकला, तळाचा गाळसुद्धा. मग डोळे पुसत भावजयीवर ओरडल्या, "साखर कमी पडलीय!"

"आता कळलं?" सासूबाई म्हणाल्या. "महिनाभर ती तसाच पितेय. तिची साखर मोजून तुम्हीच टाकत होतात."

मग जो हशा उठला, तो अर्ध्या शटरखालून बाहेर गेला. रस्त्यावरून जाणाऱ्या पोस्टमननं खाली वाकून विचारलं, "उघडलंय का दुकान?"

"नाही!" सगळे एकदम ओरडले.

"आज फक्त माझा नंबर आहे," उस्ताद म्हणाले, आणि गल्ल्यावरून उठून स्वतः पहिल्या खुर्चीत जाऊन बसले.

चंपीनं नवं पातं फोडलं, जोजोच्या हातात दिलं. आधी कात्री, मग गरम पाण्याचा टॉवेल, मग फेस. पोट मध्ये येत होतं म्हणून ती बाजूनं उभी राहिली, आणि नणंदेनं तिच्या कमरेला आधार दिला. महिनाभर रिकामे राहिलेले हात आपोआप कामाला लागले. तिला इतका आनंद झाला होता की डोळ्यांतलं पाणी पुसायलाही ती थांबली नाही. दुसऱ्या गालावर पोचायच्या आत उस्ताद घोरत होते.

आत्याबाई हे सगळं बाजूच्या खुर्चीवरून बघत होत्या. त्यांनी शिंगाच्या मुठीचा वस्तरा पुसून, मिटून सासूबाईंकडे दिला होता. लहानपणापासून रोज हातात घेतलेली वस्तू. जिवाला लागलं, पण थोडंच. मग त्यांनी डोक्यातल्या पिना एकेक करून काढल्या आणि पांढरे केस मोकळे सोडले.

"जोजो, तिकडचं आवरलं की माझेही केस धू," त्या म्हणाल्या.

सगळे बघत राहिले. त्यांच्या केसांना आजवर कुणी हात लावला नव्हता.

पाणी कोमट होतं. जोजोनं त्यांची मान बेसिनच्या काठावर टेकवली आणि बोटं केसांत घातली. बराच वेळ आत्याबाई ताठच होत्या. मग खांदे उतरले.

"माझा मुलगा झाला ना," त्या डोळे मिटून बोलायला लागल्या, "तेव्हा मी दवाखान्यात पडलेली. घरी आले तर तो माझ्या आईला चिकटलेला. मी हात पुढे केले की रडायचा. मी स्वतःला सांगितलं, त्याच्या भल्यासाठीच झालं. इतकी वर्षं तेच सांगत आले. तुलाही तेच सांगायला निघाले होते."

जोजोची बोटं थांबली.

"थांबू नकोस गं, बरं वाटतंय." त्यांचा आवाज जड व्हायला लागला होता. "बाळ आधी तुझ्याच कुशीत. कुणी मागितलं तरी द्यायचं नाही. मी मागितलं तरी."

"तुम्हाला देईन, आत्या," जोजो म्हणाली. "मागून बघा तर खरं."

पण आत्याबाईंनी ते ऐकलं नाही. त्यांना झोप लागली होती. जोजोनं नळ बारीक केला आणि केस धूत राहिली.